बायोडिझेल आधी कुणाच्या टाकीत?

१९३८ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या ब्रसेल्स आणि लूवेन या शहरांदरम्यान एक प्रवासी बस पामतेलापासून बनवलेल्या इंधनावर धावली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांनी या प्रक्रियेचं पेटंट घेतलं होतं. आपण आज ज्याला बायोडिझेल म्हणतो, ते जवळजवळ हेच. पुढे खनिज डिझेल मुबलक मिळत राहिलं आणि ही कल्पना अडगळीत पडली. आज प्रश्न असा की बायोडिझेल आधी कुणाला द्यावं, स्कूलबसना की ट्रकना?

तेल थेट टाकीत ओतून भागत नाही का? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा चालतं हे खरं. पण वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट असतं. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ते अर्धवट जळतं आणि आत कार्बनचे थर साचतात. तेलाचा रेणू त्रिशूळासारखा असतो: मागे ग्लिसरीन आणि पुढे मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा उत्प्रेरक घालून त्याची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली की साखळ्या ग्लिसरीनपासून सुट्या होऊन मिथेनॉलला जोडल्या जातात; हेच पातळ बायोडिझेल. शंभर किलो तेल आणि सुमारे दहा किलो मिथेनॉल यांतून जवळपास शंभर किलो बायोडिझेल मिळतं. जड ग्लिसरीन तळाशी बसतं, ते वेगळं काढून घेतात.

या सुट्या साखळ्यांमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, आणि खरी गंमत तिथे आहे. सिलिंडरमध्ये जिथे इंधन जास्त आणि हवा कमी, तिथे काजळी तयार होते. बायोडिझेल आपल्या वाट्याचा थोडा ऑक्सिजन बरोबरच घेऊन येतं. शिवाय त्यात गंधक जवळजवळ नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये जड वाहनांच्या इंजिनांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर (या मिश्रणाला बी-२० म्हणतात) धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजनची ऑक्साइडं (हीही प्रदूषकंच) मात्र २ टक्के वाढली. प्रचारात हा शेवटचा आकडा सहसा गाळला जातो.

दहा टक्के ऐकायला थोडेच वाटतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे, आणि मुलं शरीराच्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा श्वासात घेतात. शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या बसचा धूर त्यांच्याच नाकात जातो. (इंजिन बंद करणं हा उपाय तर फुकटचा आहे!) बी-२० साठी बहुतेक इंजिनांत काही बदलावं लागत नाही. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबतात; ते बदलले की झालं. शंभर टक्के बायोडिझेल वापरायचं असेल तर जुन्या गाड्यांतले नैसर्गिक रबराचे पाइप आणि सील मात्र बदलावे लागतात, कारण ते फुगून खराब होतात.

थंडी हा वेगळा प्रश्न. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गोठू लागून गढूळ होतं आणि फिल्टर तुंबवतं, पामतेलाचं तर त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. रोज एकाच डेपोत परतणाऱ्या स्कूलबससाठी ऋतूनुसार मिश्रण बदलता येतं. उबदार प्रदेशात टाकी भरून रात्री डोंगर चढणाऱ्या ट्रकला ते जमत नाही.

नव्या ट्रकमध्ये काजळी अडवणारे फिल्टर असतात. त्यांच्या नळकांड्यातून बाहेर पडणारे कण आधीच इतके कमी की बायोडिझेलने फारसा फरक पडत नाही. तिथे फायदा उरतो तो कार्बनचा, म्हणजे हवेत कमी कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा, आणि तो तेल कुठून आलं यावर ठरतो. जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल असेल तर हिशेब उलटाही फिरतो. तळणीचं वापरलेलं तेल सर्वांत चांगलं, पण ते मिळणार किती? जेवढं मिळेल तेवढं आधी फिल्टर नसलेल्या जुन्या स्कूलबसना द्यावं, ट्रकचा नंबर नंतर.