ऑफिस का घुमतं? ध्वनिशोषक साहित्याची पार्श्वभूमी

काचेच्या केबिन, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर उघडा स्लॅब आणि काळे रंगवलेले डक्ट. पुण्या-मुंबईतल्या नव्या ऑफिसांत आणि कॅफेंमध्ये हे चित्र सर्रास दिसतं. फोटोत ते देखणं असतं, पण माणसं बसली की चार टेबलांपलीकडचं बोलणंही डोक्यात घुमतं. साहित्य निवडताना करायचा हिशेब मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह वापरण्याजोगं नव्हतं. आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि शब्द एकमेकांत मिसळून जायचे. तो दोष काढायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. रात्री रस्ते शांत झाले की तो ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या थोड्या थोड्या आणून मांडायचा आणि पुन्हा मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र असं: घुमण्याचा काळ = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. प्रत्येक पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला त्याच्या शोषणांकाने, म्हणजे आदळलेल्या आवाजाचा किती हिस्सा तो गिळतो त्या अंकाने, गुणायचं आणि बेरीज करायची (मापं मीटरमध्ये, काळ सेकंदांत). उघड्या खिडकीचा अंक 1 धरला जातो.

10 × 6 × 3 मीटरची मीटिंग रूम घ्या. घनफळ 180 घनमीटर. टाइल्स आणि स्लॅबचा अंक 0.02, भिंती-काचांचा 0.04, माणसं-फर्निचर मिळून 5 धरलं, तर शोषण जेमतेम 11 होतं आणि काळ 2.6 सेकंद येतो. त्याच 60 चौरस मीटर छताला 0.85 अंकाचं सीलिंग लावलं, की काळ अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. प्रत्यक्षात तो थोडा जास्तच भरतो, कारण समोरासमोरच्या दोन काचांमध्ये आवाज ये-जा करत राहतो. म्हणून निदान एका भिंतीवर तरी पॅनेल हवंच.

साहित्याचा इतिहास म्हणजे बराचसा छिद्रांचा इतिहास आहे. सच्छिद्र पदार्थात हवा घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जिरते. 1910 च्या दशकात सॅबिनने ग्वास्ताविनो या टाइलच्या कमानी बांधणाऱ्या अमेरिकन कंपनीबरोबर भिंती-छतांसाठी सच्छिद्र टाइल्स घडवल्या. पुढे काही चर्चनी ऑर्गनचा नाद परत मिळावा म्हणून त्यांवर सीलर मारला. छिद्रं बुजली आणि शोषण गेलं! 1920 च्या दशकात अमेरिकेत उसाच्या चिपाडाचे बोर्ड आले. रंगाने पृष्ठभाग बुजला तरी आवाज आत जावा म्हणून त्यांना खोल भोकं पाडलेली असत. आपल्याकडे मात्र मिनरल फायबरच्या टाइल्स मळल्या की आजही सरळ ऑइल पेंट मारला जातो.

मधल्या काळात फवारलेलं अ‍ॅस्बेस्टॉसही छतांवर चढलं. अमेरिकेने 1973 पासून त्यावर बंधनं आणायला सुरुवात केली. तोवर ओपन ऑफिसची कल्पना जर्मनीतून पसरली होती. तिथे भिंती काढल्या, पण कार्पेट आणि शोषक सीलिंग ठेवलं. नंतरच्या फॅशनने तेही काढलं. आजचा गोंगाट तिथून आला आहे.

निवडताना फसगत होते ती जाडीत. 500 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 69 सेंटिमीटर असते. 12 मिमीचं फेल्ट थेट भिंतीला चिकटवलं तर ते फक्त तीक्ष्ण आवाज खातं, पुरुषी आवाजातला घुमारा तसाच राहतो. 50 मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) आणि मागे तेवढीच पोकळी ठेवली की फरक लगेच ऐकू येतो. कोकणात-मुंबईत दमट हवेमुळे टाइल्स मधोमध झुकतात, म्हणून 95 किंवा 99 आरएचचा, म्हणजे तेवढे टक्के सापेक्ष आर्द्रता सोसणारा ग्रेड मागावा. शोषक सीलिंग शेजारच्या खोलीतला आवाज अडवत नाही. त्यासाठी पार्टिशन सीलिंगपाशी न थांबवता स्लॅबपर्यंत न्यावं लागतं.

कॅटलॉगमधला एनआरसी (नॉइज रिडक्शन कोएफिशंट) म्हणजे 250 ते 2000 हर्ट्झमधल्या चार शोषणांकांची सरासरी, आणि सीलिंग टाइल्ससाठी तो बहुधा ई-400 पद्धतीने, म्हणजे मागे 400 मिमी पोकळी ठेवून मोजलेला असतो. तीच टाइल स्लॅबला थेट चिकटवायची असेल, तर त्या पद्धतीचा वेगळा रिपोर्ट मागून घ्यावा.