डॉक्टरांना आधीच माहीत असलेला इशारा

सेप्सिसमध्ये संसर्गाशी लढता लढता शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. प्रतिजैविकं सुरू करायला जितका उशीर, तितका धोका जास्त. म्हणून ‘एपिक’ या अमेरिकी कंपनीने रुग्णनोंदींच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक मॉडेल घातलं. ते नाडी, रक्तदाब, रक्ततपासण्या पाहून रुग्णाला सेप्सिसच्या धोक्याचे गुण देतं. शेकडो रुग्णालयांनी ते वापरायला घेतलं.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रुग्णालयातल्या 38,455 भरत्यांच्या नोंदींवर ते तपासलं. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. एक सेप्सिसचा आणि एक सेप्सिस नसलेला रुग्ण घेतला, तर पहिल्याला जास्त गुण मिळण्याची शक्यता निघाली 63 टक्के. नाणं उडवलं तरी 50 टक्के मिळतात! कंपनीचा स्वतःचा आकडा 76 ते 83च्या घरात होता.

तरी माझ्या मते खरी गोष्ट या आकड्यात नाही. 2,552 भरत्यांमध्ये सेप्सिस झाला होता; इशाऱ्याची सीमा 6 गुणांवर ठेवली, तर त्यातल्या 1,709 मॉडेलच्या हातून निसटल्या. सापडल्या 843. आता यातल्या किती रुग्णांना प्रतिजैविकं वेळेत मिळाली नव्हती? फक्त 183. बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी निर्णय घेऊन टाकलेलाच होता. म्हणजे इशारा बरोबर, पण त्याने निर्णयात भर काहीच घातली नाही. आणि या 183 जणांसाठी किंमत काय? एकूण भरत्यांपैकी 18 टक्क्यांवर इशारा, आणि दर आठ इशाऱ्यांत जेमतेम एक खरा. रात्रपाळीची नर्स असे किती इशारे मनावर घेईल?

निर्णयाला मदत करणारी प्रणाली तपासताना नुसती अचूकता मोजून भागत नाही, ते यासाठी. ती नसती तर काय ठरलं असतं, हेही मांडावं लागतं. बँकेची कर्जमंजुरी असो की पुराचा इशारा, हिशेब हाच.

गंमत म्हणजे मॉडेल जी माहिती वाचत होतं, त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रतिजैविकंही होती. डॉक्टरांना संशय आला की मॉडेललाही येणार! 2022 मध्ये कंपनीने मॉडेल बदललं, या नोंदींवरचा भर कमी केला आणि वापरण्याआधी प्रत्येक रुग्णालयाने ते आपल्याच रुग्णांच्या माहितीवर घडवून घ्यावं, असं सुचवलं.