इंदूर पद्धत

शेतातला काडीकचरा, गोठ्यातले शेण आणि जनावरांच्या मुताने भिजलेली माती थराथराने रचून, ठरावीक दिवसांनी पालटून, साधारण ९० दिवसांत कंपोस्ट खत तयार करण्याची रीत म्हणजे इंदूर पद्धत. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत ती बसवली गेली. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणाऱ्या कुठल्याही पुस्तकात हे नाव येतेच. खुद्द इंदुरातल्या मराठी घरांत मात्र ते फारसे ऐकू येत नाही. याची खंत वाटते, कारण ही पद्धत जगापुढे मांडणाऱ्या १९३१ च्या मूळ पुस्तकावर दोन लेखकांची नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले नाव सगळीकडे पोचले, दुसरे मागे राहिले.

ही नोंद खताच्या कृतीची आहे, पण तेवढीच नाही. जमिनीतून काढलेले जमिनीला परत गेले पाहिजे, हा या पद्धतीचा पाया. त्यासाठी शेत, गोठा, मजुरीचे हात आणि अलीकडे शहरातले स्वयंपाकघर एका साखळीत असावे लागते. साखळीतला एखादा दुवा निखळला की नुसती कृती पाठ असून भागत नाही, आणि माळव्यात, म्हणजे इंदूरच्या मुलखात, गेल्या पन्नास वर्षांत नेमके तेच झाले आहे.

संस्था आणि माणसे

अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथील संशोधन केंद्रात आले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हाच्या वाणांवर मोठे काम केले. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि बहुतेक संशोधन दोघांचे मिळून आहे. पुशात हॉवर्डांना एक गोष्ट खटकत राहिली. वाणाचा अभ्यास एका खात्यात, किडीचा दुसऱ्या, मातीचा तिसऱ्या. पीक मात्र या सगळ्यांत एकाच वेळी उभे असते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आणि पिकावर पडणाऱ्या किडींना आपण गुरू मानले, असे ते पुढे सांगत.

इंदुरात त्यांना मनासारखी संस्था उभारता आली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला. काम मुख्यतः कापसाचे होते. पण माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस सुधारायचा तर आधी जमीनच समजून घ्यावी लागते. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पावसाळ्यात एकदा फुगून बसली की तिच्यातून ना पाणी खाली उतरते ना हवा आत जाते. मुळांचा श्वास कोंडतो. मातीत हवा खेळती ठेवायची तर तिला कुजलेला सेंद्रिय भाग, म्हणजे ह्यूमस, भरपूर लागतो. तो आणायचा कुठून? शेण तर चुलीत जाते. या प्रश्नातून कंपोस्टचे काम सुरू झाले आणि त्याची रसायनशास्त्राची बाजू वाड यांनी सांभाळली. चीन-जपानमधले शेतकरी शतकानुशतके प्रत्येक टाकाऊ वस्तू जमिनीला परत देत आले आहेत, याची अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी केलेली वर्णने हॉवर्डांनी वाचलेली होती. कुजण्याची ती जुनी समज आणि इंदूरच्या प्रयोगशाळेतली मोजमापे यांची सांगड इथे पडली.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. संस्था राहिली, आज तिथे इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे.

कृती

संस्थेत ४० बैलांचा गोठा होता आणि खताचे खड्डे त्याला लागूनच होते. गोठ्याची जमीन मुद्दाम मातीची ठेवलेली. फरशी घातली तर मूत वाहून मोरीला लागते, माती ते धरून ठेवते. ठरावीक काळाने ही माती खणून, बारीक करून साठवायची आणि तिच्या जागी नवी भरायची. ही मूतमाती म्हणजे या पद्धतीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा पदार्थ. शेणापेक्षा मुतात नत्र (नायट्रोजन) जास्त असते आणि आपल्याकडच्या बहुतेक गोठ्यांत आजही तेच वाया जाते.

काडीकचऱ्याचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लाकडासारख्या कठीण, वर्षभर पडून राहिल्या तरी कुजत नाहीत. संस्थेत त्या शेतरस्त्यावर पसरून ठेवत. बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि खुरांखाली त्या चिरडल्या जात, मग त्यांचा चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरत. रात्रभर जनावरे त्यावर बसत, मुतत, तुडवत. सकाळी उचलताना त्या अंथरणाचे अर्धे काम झालेले असे. यासाठी वेगळे यंत्र नाही, वेगळा मजूर नाही. गाड्या आणि बैल रोज जे करतात त्यातूनच ते साधले. ह्या पद्धतीची सारी बुद्धिमत्ता मला या एका युक्तीत दिसते.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, बाजू उतरत्या. असे ३३ खड्डे तीन ओळींत होते, मधून भरलेली गाडी जाईल एवढी वाट. खोली कमी ठेवायचे कारण हवा. खोल खड्ड्यात तळाचा थर कोंदतो, सडतो, त्याला घाण सुटते. अंथरणाचा पातळ थर, त्यावर शेणकाला, मूतमाती आणि लाकडाची राख, वर पाण्याचा शिडकावा, पुन्हा अंथरण, असे थर चढवत जायचे. शेणकाल्यात आधीच्या चालू खड्ड्यातले थोडे कुजते खत मिसळायचे, दह्याला विरजण लावतात तसे. राख आंबटपणा मारते. पाणी एकदम ओतायचे नाही. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी.

दोन-चार दिवसांत ढीग तापतो. आतले तापमान ६५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. या उष्णतेने तणाचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात, माशीच्या अळ्या टिकत नाहीत. लोखंडी सळई खुपसून काही मिनिटांनी काढली आणि ती हातात धरवेना, तर काम नीट चालले आहे. कडेचा थर बाजूला केला की काडीवर पिठासारखी पांढरी बुरशी चढलेली दिसते, वाफ तोंडावर येते, आणि वास येतो तो पहिल्या पावसानंतरच्या रानाचा. घाणेरडा वास किंवा माश्या ही चूक झाल्याची खूण : ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली. तेव्हा ठरल्या दिवसाची वाट न पाहता लगेच पालटायचे.

पालट तीन. पहिली दहा ते चौदा दिवसांनी, दुसरी त्यानंतर साधारण पंधरवड्याने, तिसरी दोन महिने भरले की. तिसऱ्या वेळी माल खड्ड्याबाहेर काढून जमिनीवर रचतात आणि महिनाभर मुरू देतात. सुरुवातीला कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असे असेल तर तयार खतात ते १० ला १ च्या जवळ येते. कच्चा काडीकचरा थेट जमिनीत गाडला तर तो कुजवणारे जीव मातीतले नत्र स्वतःकडे ओढतात आणि पीक पिवळे पडते. ते ओढणे ढिगातच उरकून घ्यायचे, हा कंपोस्टचा शेतीतला खरा उपयोग आहे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावायचे.

प्रसार आणि भावंडे

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदुरात आले असताना गांधीजींनी संस्थेतले कंपोस्टचे काम पाहिले आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये या खताविषयी लिहिले. त्यांना यात दोन गोष्टी दिसल्या असणार : गावाची सफाई आणि गावाचे खत. दोन्हींचा संबंध मैला वाहण्याच्या जातिबद्ध कामाशी होता. शेण-मूत-मैला हाताळणे हलके काम मानणाऱ्या समाजात कंपोस्टचा प्रश्न नुसता शेतीचा राहत नाही. खड्डा कोण भरणार आणि कोण पालटणार, हे प्रयोगशाळेत ठरत नव्हते. आजही ठरत नाही.

बाहेरच्या देशांत चहा-कॉफीच्या मळ्यांनी ही पद्धत लवकर उचलली. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फर आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी हॉवर्डांचे विचार पुढे नेले; १९४२ मध्ये रोडेल यांचे मासिक निघाले आणि १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सॉइल असोसिएशन ही सेंद्रिय शेतीची संस्था स्थापन झाली. भारतात बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला यांसाठी वेगळी पद्धत काढली. तीत खड्डा भरून झाकून टाकतात आणि पालटत नाहीत. मजुरी वाचते, दिवस जास्त लागतात. महाराष्ट्रात पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आली. विटांच्या भिंतीत मुद्दाम भोके ठेवून हवेची सोय केलेली, त्यामुळे शेण थोडके लागते आणि पालटायचे कष्ट नाहीत. इंदूर पद्धतीतले सर्वांत जड काम कोणते, हे पांढरीपांडे यांनी अचूक ओळखले.

माळव्यातला आजचा पेच

‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख. इथे खरिपात बरीच जमीन पड ठेवत आणि धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीचा गहू घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि ही पड संपली. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला, तेलाच्या गिरण्या चालल्या, आणि सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच उभी राहिली. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात हे खरे, पण दाण्याबरोबर त्यातले बरेचसे शेताबाहेर जाते. सोयाबीन-गहू, सोयाबीन-गहू असे वर्षानुवर्षे चालले की ज्वारी, तूर, कपाशी यांचा काडीकचरा उरत नाही. कपाशी गेली तशा पऱ्हाट्याही गेल्या.

बैलही गेले. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आल्यावर बैलजोडी पोसणे परवडत नाही, यात शेतकऱ्याचा दोष नाही. हार्वेस्टर गहू वरून कापतो आणि वीतभर धसकटे उभी ठेवतो. त्यांना इकडे सगळे ‘नरवाई’ म्हणतात. पुढच्या पेरणीसाठी रान मोकळे करायला ती पेटवली जाते; बंदी आहे, दंड आहे, तरी एप्रिलमध्ये इंदूरहून देवास किंवा उज्जैनकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी पडलेली रानं दिसतात. आगीत कर्ब आणि नत्र हवेत जाते, वरच्या थरातले जीव भाजतात. ज्या जिल्ह्यातून काडीचे सोने करण्याची रीत जगात गेली, त्याच जिल्ह्यात ती काडी पेटताना पाहवत नाही. पण ज्याच्याकडे एकही जनावर नाही त्याला ‘कंपोस्ट करा’ सांगणे अर्धवट आहे. शेण कुठून आणायचे, हे त्यालाही सांगावे लागेल.

या साखळीचे दुसरे टोक शहरात आहे. गावातल्या मातीतले अन्नद्रव्य भाजी-धान्याबरोबर इंदुरात येते आणि सालींच्या रूपाने कचऱ्याच्या गाडीत पडते. इंदुरात ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होतो, त्यामुळे तो वापरता येतो. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यातून गॅस आणि खत दोन्ही मिळते. देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूरच्या क्रमांकाचे कौतुक खूप झाले. खत किती शेतांत पोचते, यावरही तितकेच बोलले जावे असे मला वाटते.

मर्यादा

हॉवर्डांचे सगळेच म्हणणे टिकलेले नाही. सुपीक जमिनीवरचा चारा खाणारे आपले बैल शेजारच्या लाळ-खुरकत झालेल्या जनावरांच्या तोंडाला तोंड लावूनही आजारी पडले नाहीत, हे त्यांचे निरीक्षण रोचक आहे, पण तो पुरावा नव्हे. लाळ-खुरकतीला लस हाच उपाय. शेतातून विकल्या जाणाऱ्या धान्याबरोबर जाणारे स्फुरद (फॉस्फरस) फक्त शेतातल्या कंपोस्टने भरून निघत नाही. भारतात १९७० पासून चाललेल्या दीर्घकालीन खत-प्रयोगांत शेणखत आणि रासायनिक खत मिळून दिलेल्या रानांचे उत्पन्न सर्वांत टिकाऊ दिसते. नुसत्या युरियावरची रानं मात्र हळूहळू थकत जातात, आणि हॉवर्डांचा मुख्य इशारा हाच होता. पालटताना काही नत्र अमोनिया होऊन उडते. ओला, कोंदलेला ढीग मिथेन सोडतो.

गच्चीवर किंवा अंगणात करून पाहणाऱ्यांसाठी एक अडचण सांगायला हवी. तीन-चार बादल्यांचा ढीग तापत नाही. आतली ऊब धरून ठेवायला निदान सव्वातीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच माल लागतो. न तापलेले खतही कुजते आणि वापरता येते, पण त्यातले तणाचे बी जिवंत राहते. म्हणून घरगुती खतात बी धरलेले गवत घालू नये, आणि शेजारच्या चार घरांचा ओला कचरा एकत्र करता आला तर उन्हाळ्याच्या आधीच, पालापाचोळा भरपूर पडतो तेव्हा, ढीग लावायला घ्यावा.