जुने लष्करी नाईट व्हिजन गॉगल

नाईट व्हिजन गॉगल म्हणजे डोळ्यांसमोर बांधायचं असं यंत्र की ज्यातून जवळजवळ मिट्ट काळोखातही वाट, झाड, गाडी, माणूस दिसतो. ही नोंद जुन्या ट्यूबवाल्या गॉगलची आहे, म्हणजे ढोबळमानाने १९४० ते १९९० मधल्या. अंगाची उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे ही वेगळीच जात, लोक दोन्हींची कायम गल्लत करतात.

ट्यूबवालं यंत्र आहे तोच उजेड वाढवून दाखवतं. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर साधारण पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि अमावास्येला आभाळ स्वच्छ असेल तर नुसत्या चांदण्यांचा उजेड एक हजारांश लक्सच्या आसपास. मुंबईत राहणाऱ्याला हा फरक नीट कळतच नाही कारण आपलं आभाळच रस्त्यावरच्या दिव्यांनी उजळलेलं असतं, कर्जतला उतरून अमावास्येला राजमाचीची वाट धरली की समजतं खरा काळोख काय असतो ते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी लाल महालावर छापा घातला तेव्हा अंधार दोन्ही बाजूंना सारखाच होता, ज्याला वाटा पाठ तो त्याचा फायदा घेणार. ही बरोबरी विसाव्या शतकात या ट्यूबने मोडली.

ट्यूबचं काम असं चालतं. पुढच्या लेन्समधून आलेला उजेड फोटोकॅथोड नावाच्या पातळ थरावर पडतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, हजारो व्होल्टच्या दाबाने ते पलीकडच्या फॉस्फरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आपटला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, पडद्यावर आदळतात आणि तिथे चित्र उमटतं. डोळा जे बघतो ते हे छोट्या पडद्यावरचं चित्र, पलीकडचं दृश्य थेट दिसत नाही. पडदा हिरवा असतो कारण आपला डोळा हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त संवेदनशील आहे आणि कमी उजेडातही हिरव्याच्या छटा जास्त ओळखू येतात.

पहिल्या ट्यूब फार मंद होत्या. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९३४ साली गिलेस होल्स्टच्या गटाने डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचं दिसणाऱ्या चित्रात रूपांतर करणारी ट्यूब बनवली. तिचा फोटोकॅथोड चांदी, ऑक्सिजन आणि सिझियमचा. या जातीच्या ट्यूबला चांदण्यांचा उजेड पुरत नाही, म्हणून सोबत इन्फ्रारेड दिवा लावावा लागायचा, साध्या डोळ्याला न दिसणारा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी रायफलवर बसवलेलं 'व्हॅम्पायर' हे असंच, वर दिवा, खाली दुर्बीण आणि सैनिकाच्या पाठीवर तेरा-चौदा किलोची बॅटरी. अमेरिकेने १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत अशीच कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, वापरली, तिचा पल्ला जेमतेम साठ-सत्तर मीटर. ब्रिटिशांची 'टॅबी' नावाची हातात धरायची दुर्बीण होती. डोक्यावर बांधायचे गॉगल मात्र जास्त करून ड्रायव्हरसाठी निघाले, सोव्हिएत सैन्याचा पीएनव्ही-५७ हा रणगाडा चालकाचा गॉगल त्यातला ओळखीचा नमुना.

या सुरुवातीच्या यंत्रांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तो दिवा. शत्रूकडे तशीच दुर्बीण असली की तुमचा दिवा त्याला मशालीसारखा दिसणार, म्हणजे बघायला गेलात आणि स्वतःच दिसलात! तरीही ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासमोर ही यंत्रं भारीच पडायची, ऑक्टोबर १९७३ मध्ये गोलान टेकड्यांवर सीरियाच्या रणगाड्यांकडे इन्फ्रारेड होतं आणि इस्रायलकडे फारसं नव्हतं, रात्रीच्या लढाईत इस्रायलला ते फार जड गेलं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी स्मारक म्हणून टी-५५ रणगाडे उभे आहेत, पुढच्या वेळी बघाल तेव्हा तोफेच्या नळीशेजारचा मोठा गोल दिवा नीट बघा, तो इन्फ्रारेडचाच. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा दिवा काढून टाकायची धडपड आहे.

दिवा सुटला तो चांगल्या फोटोकॅथोडमुळे. अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या झोमर या शास्त्रज्ञाला १९५५ साली सोडियम, पोटॅशियम, अँटिमनी आणि सिझियमचं मिश्रण सापडलं आणि चांदण्यांवर चालणारी ट्यूब शक्य झाली. तरी एका ट्यूबने भागेना म्हणून तीन ट्यूब एकामागे एक जोडल्या, पहिलीचं चित्र दुसरी वाढवणार, दुसरीचं तिसरी. व्हिएतनाममधली 'स्टारलाइट' दुर्बीण ही अशी, उजेड हजारो पटींनी वाढवणारी पण लांबलचक आणि जड. तीन ट्यूबचं नळकांडं डोक्यावर कोण बांधणार? ती रायफलवरच राहिली.

गॉगल खऱ्या अर्थाने आला १९७० च्या दशकात, मायक्रोचॅनल प्लेटमुळे. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ काचेची चकती आणि तिला लाखो बारीक आरपार भोकं, प्रत्येक भोक किंचित तिरकं. तिरकं मुद्दाम, म्हणजे इलेक्ट्रॉन सरळ निघून न जाता भिंतीवर आपटेल आणि आणखी इलेक्ट्रॉन उडवेल, ते पुढे आपटून आणखी उडवतील. एक आत गेला की हजारो बाहेर! तीन ट्यूबचं काम एका चकतीने केलं आणि ट्यूब तळहातात मावायला लागली. चित्र उलटं येतं ते सरळ करायला शेवटी काचतंतूंचा जुडगा पिळून बसवतात. अशा जुडग्यातून चित्र पाठवता येतं हे १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं होतं.

यातूनच अमेरिकेचा एएन/पीव्हीएस-५ आला, दोन डोळ्यांना दोन ट्यूब, अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा आणि वजन पाऊण किलोच्या वर. दिसण्याचा कोन फक्त ४० अंश, म्हणजे दोन नळ्यांतून जग बघायचं, आजूबाजूचं काही हवं तर मान फिरवायची. सगळं वजन पुढे असल्यामुळे मानेवर ताण येतो तो वेगळाच. ड्रायव्हरचं यात निभायचं पण हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी तो चढवला तेव्हा पंचाईत झाली, मुखवट्यामुळे खालच्या मापकांचे काटेच दिसेनात, म्हणून मुखवट्याचा खालचा भाग कापून काढलेले गॉगल वापरात आले. मला हा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो कारण त्यातूनच पुढचं डिझाईन ठरलं. वैमानिकांसाठी आलेल्या एव्हीएस-६ मध्ये नळ्या डोळ्यांपासून थोड्या लांब ठेवल्या, खालून नजर टाकली की काटे दिसतात, आणि बॅटरी हेल्मेटच्या मागे टाकली म्हणजे तोलही सावरला. कॉकपिटचे दिवेसुद्धा निळसर-हिरवे करावे लागले, साध्या लाल दिव्याने गॉगल आंधळा होतो.

चकती नसलेल्या ट्यूब ही पहिली पिढी, चकतीवाल्या दुसरी, त्यानंतरच्या तिसऱ्या पिढीत फोटोकॅथोड गॅलियम आर्सेनाइडचा झाला आणि पल्ला, आयुष्य दोन्ही वाढलं. पायदळाच्या पीव्हीएस-७ मध्ये खर्च वाचवायला एकच ट्यूब दोन्ही डोळ्यांना वाटून दिली, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही आणि खड्डा किती खोल ते पाय टाकल्यावरच कळतं.

भारतात देहरादूनची आयआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा या विषयावर काम करते आणि ट्यूब बनवण्याचा कारखाना आपल्या पुण्यात भोसरीला आहे. तो १९९० साली भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि एका डच कंपनीच्या भागीदारीत सुरू झाला. होल्स्टची ट्यूबही डच, हे जाता जाता.

मुंबईत जुनं यंत्र बघायचं तर चोर बाजारात मटन स्ट्रीटवर नशिबाने मिळतं. मी बघितली ती पहिल्या पिढीची रशियन एकनळी दुर्बीण. आधी लेन्स उजेडाकडे धरून तिरकं बघितलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी, म्हणून असं काही घरी आणलं तर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यातच ठेवायचं. लेन्सचं झाकण दिवसा काढायचं नाही, जास्त उजेडाने ट्यूब भाजते आणि तो डाग कायमचा. झाकणाला मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं, दिवसा तपासायला तेवढंच पुरतं. दुकानातल्या चाचांनी सेल घालून बटण दाबलं, आतून डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज आला, तो व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचा, आणि समोरच्या कपाटावरची पितळी घंटा हिरवी होऊन दिसायला लागली, मध्ये स्वच्छ आणि कडेला वाकडी. बटण बंद केल्यावरही ती घंटा लगेच गेली नाही, बराच वेळ हळूहळू विझत राहिली.