अंधारीतली वटवाघळं आणि त्यांना ऐकणारी माणसं

दिवाळीत पाहुण्यांची लेकरं घेऊन दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो होतो. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, शिरलं की तो उग्र वास येतो आणि डोक्यावर वटवाघळांची चिवचिव चालू, तेवढ्यात मागून एक बाई लेकराला म्हणाल्या, डोकं झाक, आंधळी असतात ती, केसात अडकतात. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दोन्ही गोष्टी साफ चूक आहेत. वटवाघळाला डोळे आहेत, दिसतंही. फक्त गडद अंधारात ही किडे खाणारी लहान वटवाघळं कानाने बघतात, आणि हे कळायला माणसाला जवळपास दीडशे वर्षं लागली.

१७९३ मध्ये इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या पाद्री शास्त्रज्ञाने बघितलं की डोळे गेलेलं वटवाघूळसुद्धा कुठं न आपटता उडतं. मग जिनिव्हाच्या ज्यूरीन नावाच्या डॉक्टरने कानात मेण भरलं तर ते धडाधड आपटायला लागलं. पण कान ऐकतात तरी काय? आवाज तर कुणालाच येत नव्हता. पॅरिसच्या कुव्हिए नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सांगितलं की हे सगळं स्पर्शाने होतं, माणूस मोठा म्हणून लोकांनी ते मानलं आणि विषय मागे पडला.

१९३८ ला हार्वर्डचा विशीतला विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळं घेऊन पिअर्स नावाच्या प्राध्यापकांकडे गेला, कारण आपल्या कानाला न येणारे आवाज पकडायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. आपल्याला शांत वाटणारं वटवाघूळ त्या यंत्रात सारखं ओरडत होतं! पुढे गॅलाम्बोस या सोबतच्या संशोधकाबरोबर ग्रिफिनने दाखवलं की कानच काय, तोंड बंद केलं तरी ते आपटतं.

आता खरी गंमत बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किडा १.७ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी १० मिलिसेकंदात परत. आपल्या बोलण्याच्या लाटा मीटरभर लांब असतात, त्या किड्याला वळसा घालून निघून जातात, पण वटवाघळाच्या ओरडण्याची ५० किलोहर्ट्झची (सेकंदाला ५० हजार कंपनांची) लाट जेमतेम ७ मिलिमीटरची, ती किड्यावर आपटून मागे येते. शोधताना सेकंदाला दहाएक हाका, किडा जवळ आला की दीडशे-दोनशे, आणि स्वतःच्या ओरडण्याने कान बधिर होऊ नयेत म्हणून कानातला बारीक स्नायू ओरडताना आवळतो आणि प्रतिध्वनी यायच्या आत सैल होतो!! १९४४ मध्ये ग्रिफिनने प्रतिध्वनीवरून जागा ओळखण्याच्या या पद्धतीला इकोलोकेशन हे नाव दिलं. २००३ ला तो गेला.

आणि आपल्याकडे अजून सांधेदुखीच्या तेलासाठी मोठी वाघळं मारतात. त्या तेलाने गुडघा बरा होत नाही, उगीच जीव जातो. टेक्सासमध्ये अशीच किडे खाणारी लहान वटवाघळं कापसावरच्या बोंडअळीचे पतंग खातात, हे आपल्या कापूसवाल्यांनी तरी ध्यानात ठेवावं.

आपल्या देशातले शास्त्रज्ञ एम. के. चंद्रशेखरन (१९३७-२००९) सुद्धा आठवायला पाहिजेत. मदुराईजवळच्या गुहेत, जिथं उजेड पोचतच नाही तिथं वटवाघळाला संध्याकाळ झालेली कशी कळते, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मारिमुथूंनी एक वटवाघूळ गुहेतच पिंजऱ्यात ठेवलं, आणि बाकीचा थवा बाहेर पडायच्या वेळेला तेही रोज जागं होऊन फडफडायचं. थवा नसला की मात्र त्याच्या शरीरातलं झोप-जागेचं घड्याळ हळूहळू सरकत जायचं.