तबकडीवरचा कान

ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या कंपनीची पन्नाशीच्या दशकातली जॅझ रेकॉर्ड जाणकाराच्या हाती दिली, तर तो ती लगेच लावून ऐकणार नाही. दिव्याखाली तिरकी धरून तो आधी शेवटची खाच आणि कागदी लेबल यांच्यामधला कोरा पट्टा न्याहाळेल. संग्राहक या पट्ट्याला ‘डेड वॅक्स’ म्हणतात. तिथे कोरलेला एक क्रमांक असतो, ‘आरव्हीजी’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात आणि नशीब असेल तर कानाच्या आकाराची एक बारीक खूण असते. ती सापडली की किंमत चढते. ती नसेल, तर तीच गाणी, तेच कव्हर आणि अगदी तसंच लेबल असूनही रेकॉर्ड बरीच स्वस्तात जाते.

ही खूण अर्थातच ऐकू येत नाही. जुन्या जॅझच्या बाजारात पैसे मोजले जातात ते मुख्यतः पुराव्यासाठी, म्हणजे ही तबकडी कधी आणि कुठे दाबली गेली हे सिद्ध करण्यासाठी. काही पुरावे आवाजाबद्दलही बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. कुठला कोणत्या जातीचा हे ओळखायचं, तर रेकॉर्ड कशी बनायची ते बघावं लागतं.

ब्लू नोट 1939 साली सुरू झाली ती अल्फ्रेड लायन या बर्लिनहून आलेल्या ज्यू तरुणाच्या वेडापायी. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ लवकरच येऊन मिळाला. 1953 पासून त्यांचं ध्वनिमुद्रण करू लागला रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आई-वडिलांच्या दिवाणखान्यात वादकांना बसवून ध्वनिमुद्रण करायचा. 1959 मध्ये त्याने जवळच इंगलवुड क्लिफ्स इथे स्वतःचा स्टुडिओ बांधला, तोपर्यंत जॅझमधली कितीतरी मोठी मंडळी त्या दिवाणखान्यात वाजवून गेली होती.

टेपवरचा आवाज तबकडीवर उतरवायचं कामही व्हॅन गेल्डर स्वतः करत असे. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर असतो. त्यात तापवलेली टोकदार सुई आवाजाप्रमाणे थरथरत खाच कापत जाते. काम झालं की तो कोऱ्या पट्ट्यात आपल्या नावाची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं टाकायचा. या मऊ चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन त्यावर विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात. निकेल सोलून काढलं की खाचांच्या जागी उंचवटे असलेली उलटी प्रत मिळते. तिच्यावरून पुन्हा सुलटी प्रत आणि सुलटीवरून पुन्हा उलटे साचे, म्हणजे स्टॅम्पर. दोन स्टॅम्परच्या मध्ये गरम व्हिनाइलचा गोळा ठेवून प्रेसमध्ये दाबला की रेकॉर्ड तयार.

स्टॅम्पर झिजतो. पेणच्या गणपतींचा साचा जुना झाला की बोटं आणि दागिने बोथट येऊ लागतात, तसंच इथेही होतं. फक्त इथे बोथट होतात त्या उंच स्वरांच्या मायक्रॉनभर लाटा. साधारण हजार-दीड हजार प्रतींनंतर स्टॅम्पर बदलावा लागतो. पहिल्या आवृत्तीच्या मोहाला हा एक खरा आधार आहे. मात्र पहिल्या आवृत्तीतली नऊशेवी प्रत आणि पुढच्या आवृत्तीतल्या नव्या कोऱ्या स्टॅम्परची दहावी प्रत समोर ठेवली, तर दुसरी अधिक स्वच्छ वाजण्याची शक्यता आहे. बाजार मात्र पहिलीलाच जास्त पैसे देईल.

पहिल्या आवृत्तीचा दुसरा आधार जास्त भक्कम आहे. त्या वेळी मूळ टेप ताजी होती आणि खाच कापणारा माणूस ध्वनिमुद्रणाला स्वतः हजर असलेला होता. म्हणून ‘आरव्हीजी’ ही अक्षरं आवाजाबद्दल काहीतरी सांगतात. कानाच्या खुणेचं तसं नाही. ती खरं तर वळणदार इंग्रजी ‘पी’ आहे, न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट या कारखान्याची. ब्लू नोटच्या तबकड्या तिथे दाबल्या जात. 1965 च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली गेली आणि तबकड्या दुसरीकडे दाबल्या जाऊ लागल्या. छापून पडलेली जुनी लेबलं नव्या मालकांनी वापरून संपवली. त्यामुळे लेबल जुनं आणि तबकडी नवी अशा प्रती बाजारात आहेत, आणि त्यांना उघडं पाडणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तो कान.

लेबलावरचा पत्ताही असाच तारीख सांगतो. 767 लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू असेल तर जुनी, 47 वेस्ट 63 वा रस्ता असेल तर 1957 नंतरची, नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’ असेल तर साठीच्या दशकातली. 1957 मध्ये काही लेबलांवर ‘न्यूयॉर्क 23’ असा टपाल विभागाचा आकडा छापला गेला. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या 1568 क्रमांकाच्या रेकॉर्डच्या पहिल्या प्रतींवर एका बाजूला हा आकडा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. ही रेकॉर्ड मुळात फार थोडी निघाली. तिची एक चांगली प्रत इंटरनेटवरच्या लिलावात दहा हजार डॉलरच्या वर गेली आहे. वाजवलंय झकास, पण मोब्लीने याहून सरस रेकॉर्डही केल्या आणि त्या याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतात.

लेबलावर गोल, खोल वळ उमटलेला असतो. त्याला ‘डीप ग्रूव्ह’ म्हणतात आणि त्यासाठीही लोक जास्त पैसे मोजतात. तो वळ प्रेसमधल्या लोखंडी भागाच्या आकारामुळे येतो. 1961 नंतर ते भाग बदलत गेले आणि वळ दिसेनासा झाला. सुई तिथे कधीच जात नाही.

सुई जिथे जाते तिथे मात्र भौतिकशास्त्र चालतं आणि माझ्या मते खरी किंमत तिथेच ठरायला हवी. बावीस मिनिटांच्या एका बाजूवरची खाच सरळ केली तर सुमारे पावणेपाचशे मीटर लांब भरते. तिची रुंदी असते साधारण माणसाच्या केसाएवढी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम 21 सेंटिमीटर. म्हणजे दहा हजार हर्ट्झची जी लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब असते, तीच आत 21 मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच 18 मायक्रॉनच्या आसपास असते, ती या वळणांत नीट बसणार कशी? म्हणून बाजू संपत आली की ट्रम्पेट आणि झांजांचा आवाज फाटू लागतो.

त्यात पन्नाशीच्या दशकातली यंत्रं दणकट होती. आजची सुई खाचेवर दोन ग्रॅमच्या आसपास भार टाकते. तेव्हाच्या घरगुती यंत्रांत तो सहा-आठ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असे. हा भार पेलणारी जागा काही मायक्रॉनची, त्यामुळे प्रत्यक्ष दाब प्रचंड होतो. बऱ्याच घरांत सुई हिऱ्याची नसून कृत्रिम नीलमाची असायची. ती लवकर झिजून तिच्या टोकाला धारदार कडा यायच्या आणि मग ती खाच वाचायच्या ऐवजी तासायची. उंच स्वरांच्या लाटा एकदा तासल्या गेल्या की परत येत नाहीत. कितीही महागडी सुई लावा.

ही झीज डोळ्यांना सहज दिसत नाही. वरून काळीभोर, चकचकीत दिसणारी रेकॉर्ड आतून संपलेली असू शकते, आणि चार ओरखडे असलेली सुरेख वाजू शकते. आडवा ओरखडा दर 1.8 सेकंदांनी एकदा ‘टक्’ करतो, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. त्याची सवय होते. झिजलेल्या खाचेतल्या चरचरणाऱ्या सॅक्सोफोनची होत नाही. विक्रेते मात्र बहुतेकदा दिव्याखाली बघूनच दर्जा लिहितात. गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाची श्रेणीपद्धत सगळीकडे चालते. त्यात ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नव्या प्रतीची पूर्ण किंमत धरली तर ‘व्हेरी गुड प्लस’ला निम्मी आणि नुसत्या ‘व्हेरी गुड’ला पाव. या ‘व्हेरी गुड’मध्ये खरखर ठळक ऐकू येते आणि ‘गुड’ तर वाजवण्याच्या लायकीचीही फारशी नसते, इतका हा दिलदार शब्दसंग्रह. घेताना लेबलाच्या मधल्या भोकाभोवतीच्या चंदेरी रेघा पाहाव्यात. रेकॉर्ड चढवताना खुंटी चुकली की त्या पडतात. खूप रेघा म्हणजे खूप वेळा वाजलेली. आणि शक्य असेल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐकून बघावं; पहिलं ऐकून काही कळत नाही.

मोनो की स्टीरिओ, हा वाद आणखी वेगळा. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त डावी-उजवी हलते. स्टीरिओत खाचेच्या दोन भिंती 45 अंशांत कललेल्या असतात, प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी, त्यामुळे सुई वर-खालीही हलते. ही कल्पना ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 मध्येच मांडली होती. तशा रेकॉर्ड बाजारात आल्या त्या 1958 मध्ये. मोनो रेकॉर्डमधल्या वर-खाली हालचालीत संगीत काहीच नसतं, असते ती धूळ आणि खरखर. म्हणून मोनोसाठी केलेली कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारी डबी, ही हालचाल वगळते आणि जुनी रेकॉर्ड एकदम शांत वाजते. संग्राहक मोनो प्रतीला जास्त भाव देतात आणि मोनो हेच खरं मूळ असं सांगतात. 1958 च्या आधीच्या रेकॉर्डबद्दल ते बरोबर आहे. पण त्या वर्षाच्या अखेरीपासून व्हॅन गेल्डर दोन वाहिन्यांची एकच टेप करायचा आणि त्या एकत्र करून मोनो तबकडी कापायचा, तेव्हा तिथून पुढे हा दावा लंगडा पडतो.

‘मूळ’ या कल्पनेची सगळ्यात मजेदार फजिती कोलंबिया या दुसऱ्या कंपनीच्या एका रेकॉर्डवर झाली आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाली. मार्चच्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं. ती टेप योग्य वेगाने लावली की सूर चढे ऐकू येतात. त्या सत्रातली गाणी म्हणजे रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू. सुदैवाने दुसऱ्या यंत्रावर एक जादा प्रत होत होती आणि ते यंत्र ठीक होतं. ती प्रत वापरून सूर दुरुस्त झाले ते 1990 च्या दशकात. सहा डोळ्यांचं, म्हणजे डोळ्यासारखी सहा चिन्हं छापलेलं लेबल असलेली 1959 ची प्रत संग्राहकांना हवीहवीशी वाटते, आणि तिच्या पहिल्या बाजूवर माइल्स त्या दिवशी ज्या पट्टीत वाजवत होता ती पट्टीच नाही. तिच्याबरोबर वाजवायला बसलेल्या कितीतरी शिकाऊ वादकांनी आपलंच वाद्य बेसूर लागलंय असं समजून ते पिळलं असेल.

जॅझच्या तबकड्यांचा आपल्याकडचा धागा व्हिनाइलच्याही आधीचा आहे. 78 फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेच्या असत आणि जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः छोटा नागपूरचा प्रदेश, पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांकडून. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला. 1942 मध्ये अमेरिकेने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर निर्बंध आणले. सैनिकांसाठी काढलेल्या ‘व्ही डिस्क’ मग बऱ्याच व्हिनाइलच्या निघाल्या आणि त्यांत जॅझ भरपूर होतं. त्याच काळात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात गोव्याचे वादक जॅझ वाजवत होते. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ तिथे चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट फुंकत असे, पुढे सी. रामचंद्रांचा सहायक म्हणून त्याचा ट्रम्पेट हिंदी सिनेमात घुमला. या मंडळींच्या लाखेच्या रेकॉर्ड चोर बाजारात अधूनमधून निघतात.

त्या घेतल्या तर हवामानाचं भान ठेवावं लागतं. व्हिनाइलला ओलाव्याची भीती नाही, कव्हरच्या पुठ्ठ्याला आणि लाखेला आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दोन्हींवर बुरशी धरते. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात उलट त्रास. व्हिनाइलवर स्थिर विद्युतभार साठतो आणि ते खोलीतली धूळ ओढून घेतं. साठ-सत्तर अंशांला ते मऊ पडतं, म्हणजे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली रेकॉर्ड ताटलीसारखी वाकणार. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्याही नकोत. त्यांतला तेलकट द्रव तबकडीवर उतरतो आणि निघत नाही असा धुरकट डाग पडतो.

धुण्यासाठी व्हिनाइलला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलेलं शुद्ध पाणी चालतं. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोलचा थेंबही लावू नये. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, आणि तेच तुमच्या तबकडीवर घडेल. तिला साधं शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ फडकं आणि लगेच पुसणं पुरेसं आहे. लेबल कोरडं ठेवून.