'बुत्' या व्हिएतनामी शब्दाचे कुळ

व्हिएतनामी भाषेत बुद्धासाठी दोन शब्द आहेत. मंत्रांत आणि ग्रंथांत 'फत्' येतो, तर आजीच्या गोष्टीत 'बुत्'. 'ताम काम' या लोककथेत सावत्र आईच्या जाचाने रडणाऱ्या ताम या मुलीपुढे जो म्हातारा प्रकट होतो आणि 'बाळ, का रडतेस?' असे विचारतो, तो हाच बुत्.

या शब्दाचे मूळ आपल्या 'बुद्ध'मध्ये आहे, यावर दुमत नाही. वाद आहे तो वाटेचा. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत उत्तर व्हिएतनाम चिनी अमलाखाली होता आणि आजच्या बाक निन्ह प्रांतातील लुय लाऊ येथे समुद्रमार्गे आलेले व्यापारी व भिक्खू उतरत असत. सन 247 मध्ये आजच्या नानजिंगला पोहोचलेला भिक्खू 'खुओंग तांग होय' हा याच प्रदेशात जन्मला. त्याचे सोग्दी, म्हणजे मध्य आशियातले, पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिले होते आणि वडील व्यापारासाठी या व्हिएतनामी प्रदेशात आले होते. अशा लोकांच्या तोंडून हा शब्द थेट आला, असे अनेक जण मानतात. मात्र त्या काळी बुद्धासाठीच्या चिनी शब्दाचा उच्चारही ब-ने सुरू होऊन त-ने संपत असे, त्यामुळे चिनी मध्यस्थीची शक्यता केवळ ध्वनीवरून नाकारता येत नाही, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

पुढे चीनमधील तांग राजघराण्याच्या काळाच्या उत्तरार्धात चिनी भाषेतील त्या 'ब'चा ओष्ठ्य घर्षक, म्हणजे ओठाशी हवा घासून निघणारा ध्वनी, झाला आणि या नव्या उच्चारावरून 'फत्' घडला. दोन्ही शब्दांच्या लेखनात स्वराखाली जड सुराचा टिंब असतो. मूळ व्यंजन 'ब'सारखे घोष होते, याची ती खूण आहे. म्हणजे दोन्ही शब्द एकाच कुळातले, फक्त 'बुत्' वडील.

म्हणींत हा वडील शब्दच टिकला. 'बुत्‌बरोबर जाताना का सा नेसावे, भुताबरोबर जाताना कागदी वस्त्र' या म्हणीतला 'का सा' म्हणजे चिनीमार्गे गेलेला आपला 'काषाय'. देवळाशेजारी राहणारा बुत्‌ला 'दादा' म्हणतो, अशीही एक म्हण आहे.

व्हिएतनामचा राजा च्यान न्यान तोंग (1258–1308) चिनी विद्येत पारंगत होता. तरीही स्वभाषेत रचना करताना त्याने 'बुत्' हाच शब्द वापरला आणि लिहिले, की बुत् घरातच आहे, दूर शोधायला नको.